मास्तरांचे सात चाफे

माझ्या हातून सात खून झाले आहेत. त्या काळात मी रत्नागिरीच्या कोर्टात नक्कलनवीस होतो. दिवसभर दुसऱ्यांच्या गुन्ह्यांच्या नकला सुवाच्य अक्षरात उतरवायच्या, हे माझं काम. माझ्या गुन्ह्याची नक्कल मात्र कुणी काढली नाही, कारण मेले ते चाफे होते. सोनचाफे, रस्त्याच्या कडेचे, सात वर्षांचे.

हा किस्सा मी चारचौघांत शंभरदा तरी सांगितला असेल. मिठाची गोष्ट आली की लोक पोट धरून हसतात. गुरवाच्या नारदाला टाळी पडते. मी उभा राहून सगळ्यांचे आवाज काढतो, मास्तरांचाही काढतो. पण सांगताना एक भाग मी नेहमी गाळत आलो. फार मोठा नाही, चार दिवसांचा आहे. आज तो सांगायचं ठरवलं आहे, तेव्हा हसायचं ते आधीच हसून घ्या.

पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. घाटावर जाणारी मोटार अजून नवलाईची होती आणि मुंबईला जायचं म्हणजे आगबोट. मी सत्तावीस वर्षांचा, नुकताच बिऱ्हाड करून राहिलेला. आमचं गाव मालगुंडाकडचं, घर समुद्राला लागून, परसात माड आणि पोफळी. शहरात आम्हाला एका आळीत दोन खोल्या आणि ओटी मिळाली होती. आळीत दोन्ही बाजूंना घरं, घरांपुढे जांभ्या दगडाचे गडगे आणि मधून तांबडा रस्ता. गडगा आणि रस्ता यांच्यामध्ये दोन्हीकडे हात-दोन हात जमीन उरलेली होती. ती कुणाच्याच मालकीची नव्हती, त्यामुळे सगळे तिचा हक्कानं वापर करत. नारळाची सोडणं तिथे, चुलीतली राख तिथे, फुटकी मडकी तिथे, बकऱ्याही तिथेच.

त्या दोन हात जमिनीचा एकच वाली होता. ते म्हणजे मास्तर.

मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, एकुलती मुलगी मुंबईला दिलेली. आमच्या घराला लागून त्यांचं घर. हाताने करून खात आणि उरलेला सगळा वेळ रस्त्याच्या कडेला घालवत. पावसाळ्याआधी गटार उपसत, पावसाळ्यानंतर विळा घेऊन गवत कापत. कुणी राख टाकताना दिसलं की तिथूनच ओरडत, "अहो, टाकायचीच आहे तर झाडाच्या मुळाशी टाका! रस्त्याच्या मधोमध ठेवून काय तिची मुंज करायची आहे?"

देवळामागे सोनचाफ्याचं एक जुनं, थोरलं झाड होतं. त्याचं बी आणून मास्तरांनी करवंटीत रुजवलं. मग पहार घेऊन रस्त्याच्या कडेचा कातळ फोडायला बसले. आमच्याकडचा कातळ ज्याने फोडला असेल त्यालाच ठाऊक. एकेका खड्ड्याला आठ-आठ दिवस लागले म्हणतात. शेतातली माती आणि कुजलेला पातेरा भरून त्यांनी सात रोपं लावली, भोवती करवंदीच्या काट्यांची कुंपणं केली. मी आळीत राहायला आलो तेव्हा ती झाडं माणसाच्या उंचीची झाली होती. फूल मात्र एकालाही नव्हतं. बियांचा चाफा फुलायला फार वेळ घेतो. मास्तर रोज सकाळी जाऊन फांदीच्या टोकाशी नाक नेत आणि म्हणत, "यंदा. यंदा नक्की."

झाडांना त्यांनी नंबर दिले होते आणि रोज सकाळी ते हजेरी घेत. तीस वर्षांची सवय, ती काय सुटते! "नंबर एक?" असं विचारायचं, पानं चाचपायची, आणि आपणच "हजर" म्हणून पुढे जायचं. नंबर चार आमच्या ओटीसमोर होता. मी तेव्हा आळीतल्या हौशी मंडळींच्या नाटकात बायकांची कामं करत असे. गळा बरा होता, मिशी नव्हती आणि लाज तर त्याहून नव्हती. मास्तर "नंबर चार?" म्हणाले की मी ओटीवरून नायिकेच्या नाजूक आवाजात उत्तर देई, "हजर, गुरुजी!"

"चार नंबर वात्रट आहे," मास्तर म्हणत. "पट्टी हवी त्याला." पण हसत. पुढे पुढे तर माझा आवाज आल्याशिवाय ते पाच नंबरकडे सरकत नसत.

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढले होते. शिमगा झाल्यावर मुलीने मुंबईला बोलावून घेतलं. दोन्ही डोळ्यांचं काम करायचं, म्हणजे दोन महिने तरी परत येणं नाही, आणि तेही ऐन उन्हाळ्यात. मास्तर आमच्या ओटीवर येऊन बसले. मला म्हणाले, "हे बघ, सात झाडं, प्रत्येकी दोन कळश्या. दिवस कलल्यावर. हळू ओतायचं, भसकन नाही. जमेल का? नसेल जमत तर तसं सांग, मी जात नाही."

डोळ्यांपेक्षा झाडं महत्त्वाची असलेला तो माणूस! मी उठलो, हात छातीवर ठेवला आणि नाटकातलीच एक भलीमोठी शपथ घेतली. सूर्य, चंद्र, आकाश, पाताळ, सगळ्यांना साक्षीला बोलावलं. मास्तर म्हणाले, "आकाशपाताळ राहू दे. कळश्या चौदा."

पहिले आठ दिवस मी चौदाच्या चौदा कळश्या घातल्या. मग नाटकाची तालीम सुरू झाली, तीही नेमकी दिवस कलल्यावर. वैशाखात देवळाच्या उत्सवात प्रयोग होता आणि मी नायिका. नायिकेने विहिरीवर रहाट ओढून हाताला घट्टे पाडून घ्यायचे, म्हणजे काय! मला एकदम आमच्या गावची आठवण झाली. वडील माडाच्या आळ्यात खडेमीठ घालत. मीठ घातलं की माड तहान सोसतो, मुळाशी ओल धरून राहते, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. माडाला मानवतं ते चाफ्याला का मानवू नये? झाड ते झाड. आणि घरात खडेमिठाचं आख्खं पोतं पडलेलं. बायकोने लोणच्यासाठी आणून ठेवलं होतं.

मी सातही आळ्यांत दोन-दोन ओंजळी मीठ घातलं, वर पाणी ओतलं आणि तालमीला गेलो.

चार दिवस काही झालं नाही. मी आळीत छाती काढून हिंडलो. समोरच्या घरातल्या काकूंना ऐटीत सांगितलं, "काकू, दिवसाआड पाणी घालतोय, तरी झाडं बघा कशी ताठ! आमच्या गावची युक्ती आहे." पाचव्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मी विचार केला की मीठ कमी पडलं असणार. आणखी दोन ओंजळी घातल्या.

"अहो," बायको म्हणाली, "पोतं निम्म्यावर आलं. लोणचं तर मी अजून घातलेलं नाही. उंदीर मीठ खायला लागले का?"

मी सांगितलं. तिने कपाळावर हात मारला नाही की आरडाओरडा केला नाही. उठून पोत्याचं तोंड बांधलं. मग म्हणाली, "तुम्ही माडाच्या वाडीतून आलात हे मला माहीत होतं. माडाच्या डोक्याने आलात हे माहीत नव्हतं."

काकू तर धावतच आल्या. "मेल्या, चाफा हो तो! नाजूक जात! त्याला मिठात घातलंस? फोडी करून बरणीत तरी भरायचास!"

मग मी मुळाशी पाण्याचा पूर केला. माती उकरली, नवी घातली. दिवसाला चौदाच्या ठिकाणी चाळीस कळश्या ओतल्या, हाताला घट्टे पडले, नायिका गेली चुलीत. काही उपयोग झाला नाही. पंधरा दिवसांत सातही झाडांची पानं गळली. नखाने साल खरवडून पाहिली, तर आत हिरवं काही नव्हतं.

इथवरची गोष्ट हसण्यासारखी आहे, आणि पुढचीही थोडी आहे.

वैशाख लागला आणि मास्तरांचं पत्र आलं, मुलीच्या हातचं. डोळ्यांचं काम ठीक झालं होतं. चष्म्याचा नंबर घेतला होता, पण भिंगं तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागणार. चष्मा मागाहून पार्सलने येईल. मास्तरांना मुंबईत करमत नव्हतं, म्हणून ते चष्म्यासाठी न थांबता येत होते. चष्मा येईपर्यंत सगळं धूसर दिसेल, उजेड आणि रंग तेवढे कळतील, तरी त्यांना सांभाळा, असं मुलीने लिहिलं होतं.

मी पत्र हातात घेऊन ओटीवर बसलो. उजेड आणि रंग. म्हणजे हिरवं काही दिसलं पाहिजे.

रंगभूमीवर अरण्य कसं उभं करतात हे मला ठाऊक होतं. मी देवळामागे गेलो आणि थोरल्या चाफ्याच्या फांद्या तोडू लागलो. गुरवाने पकडलं. "काय वो हे? देवाच्या झाडाला कोयता लावताय?" मी सगळं खरं सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "फांद्या न्या. पन नाटकात मला नारदाचं काम द्या." दिलं. पुढे प्रयोगात हा नारद आकाशातून उतरला, एक अक्षर न बोलता सगळ्यांना प्रसाद वाटला आणि निघून गेला. प्रेक्षकांनी भक्तिभावाने नमस्कार केले.

मास्तर आले त्या दिवशी उजाडायच्या आत मी सातही वाळक्या खोडांना हिरव्या फांद्या केळीच्या सोपटाने, म्हणजे तिच्या खोडाच्या सालीच्या पट्ट्यांनी, बांधल्या. आळीतल्या घरोघरी जाऊन हात जोडले, कुणी बोलू नका म्हणून. काकू म्हणाल्या, "आल्या आल्या कशाला दुखवायचं त्यांना? पण चष्मा यायच्या आत तू सांगायचंस. तू. आम्ही नाही." मी कबूल केलं. चष्मा यायच्या आत सांगायचं, एवढंच माझ्यावर होतं. दोन-तीन आठवडे होते हातात.

मास्तर आगबोटीतून लहान पडावात आणि पडावातून बंदरावर उतरले, कुणा गावच्या माणसाच्या सोबतीने. कपाळावर हिरवी झापड, हातात काठी. घरात सामान टाकलं न टाकलं तोच रस्त्याच्या कडेला गेले.

"नंबर एक?" हात पुढे करून पानं चाचपली. "हजर."

आळीतल्या सगळ्या ओट्यांवर माणसं उभी होती. दोन, तीन. मग ते आमच्या ओटीसमोर येऊन थांबले.

"नंबर चार?"

मी खांबाला धरून उभा होतो. बायको दारात होती. मास्तर मान किंचित तिरपी करून वाट बघत होते. मी नायिकेचा आवाज काढला. "हजर, गुरुजी!"

मास्तर इतके खूश झाले! "वात्रट आहे लेकाचा, वात्रट," असं म्हणत पाच नंबरकडे गेले. मी वळून पाहिलं तर बायको आत निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर बाहेर आलो तर मास्तर हातात कळशी घेऊन विहिरीकडून येत होते. पायाने रस्ता चाचपत, एकेक पाऊल टाकत. मी धावलो. "मास्तर, मी घालतो ना!"

"दोन महिने घातलंस, पुष्कळ झालं. आता माझी मुलं मला सांभाळू दे." ते हळूहळू, भसकन न ओतता, वाळक्या खोडाच्या मुळाशी पाणी घालू लागले. चौदा कळश्या. मग मला म्हणाले, "पानं जरा मऊ लागतायत रे आज. ऊन बाधतंय बिचाऱ्यांना. उद्यापासून तीन-तीन घालीन."

तोडलेली फांदी वैशाखात दुसऱ्या दिवशी माना टाकणारच. मी दिवसाआड पहाटे फांद्या बदलायला लागलो आणि मास्तर एकवीस कळश्या घालायला लागले. त्याच वेळी सांगितलं असतं तर त्यांच्या पायाचे कष्ट तरी वाचले असते. रोज सकाळी वाटायचं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी ते इतके समाधानाने दमलेले असत की मी म्हणायचो, सकाळी.

आणि मग मी मर्यादा ओलांडली. मास्तर रोज फांदीच्या टोकाशी नाक नेऊन म्हणत, "यंदा नक्की." देवळामागचा चाफा भरात आला होता. एका पहाटे फांद्या बदलताना मी चार नंबरला तीन उमलती फुलं बांधली. कुणी विचारलं तर मी सांगतो की त्यांना आनंद व्हावा म्हणून बांधली. ते खोटं नाही. पण आपण केलेला देखावा किती वठतो हे बघायची नटाची खाज होती, तीही खोटी नाही.

हजेरी घेता घेता मास्तर चार नंबरपाशी थबकले. नाक वर केलं. मग हात फांदीवरून पुढे नेला आणि फूल बोटांना लागलं.

"अहो!" ते ओरडले. आळीत असं ओरडताना मी त्यांना फक्त राखेसाठी ऐकलं होतं. "अहो, सगळे बाहेर या! चाफा फुलला!"

सगळे बाहेर आले. काय करणार! मास्तरांनी एक फूल देवाला म्हणून ठेवलं. दुसरं काकूंना दिलं. काकूंनी ते डोळ्यांना लावलं आणि पदर तोंडाशी धरून घरात गेल्या. तिसरं फूल घेऊन मास्तर आमच्या पायऱ्या चाचपत चढले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "सूनबाई, हे तुला. तुझ्या नवऱ्याने राखलं म्हणून आज हे दिसलं. म्हणजे, दिसलं नाही. पण आहे ना."

बायकोने वाकून नमस्कार केला आणि फूल घेतलं. केसात माळलं नाही. आत नेऊन पाण्याच्या वाटीत ठेवलं आणि माझ्याशी दिवसभर बोलली नाही. रात्री जेवायला वाढताना एवढंच म्हणाली, "उद्या सांगा. मला ते फूल घरात सहन होत नाही."

आता तो गाळलेला भाग.

त्यानंतरच्या सोमवारी मी कोर्टात निघालो होतो. पोस्टमन आळीच्या तोंडाशी भेटला. मास्तरांचं पार्सल होतं. दार बंद दिसतंय म्हणाला. मास्तर मागे विहिरीवर असणार हे मला माहीत होतं. पोस्टमन मला कोर्टामुळे ओळखत असे. त्याने सही घेऊन पार्सल माझ्या हातात दिलं. लहानसं, हलकं, फडक्यात शिवलेलं. हातात घेतल्याबरोबर मला समजलं काय आहे ते.

मी घरी परतलो. नाटकाची लुगडी आणि केसांचे टोप ज्या पेटीत असत, त्या पेटीत तळाशी ते ठेवलं आणि वर लुगडी घातली. प्रयोग गुरुवारी होता. मनाशी म्हटलं, प्रयोग पार पडला की शुक्रवारी सांगतो, आणि मग पार्सल देतो. आधी सांगणं, मग देणं. असं सगळं व्यवस्थित करायचं.

मास्तर मंगळवारी म्हणाले, "टपाल आलं का रे? तीन आठवडे होत आले."

"नाही, मास्तर."

बुधवारी म्हणाले, "जरा पोस्टात विचारशील का? कोर्टातून येताना."

"विचारलं, मास्तर. नाही आलं."

विचारलं नव्हतं, हे सांगायलाच नको. गुरुवारी त्यांनी विचारलं नाही. प्रयोगाला आले, अगदी पुढे बसले. दिसत काही नव्हतं, नुसतं ऐकत होते. आणि रोज संध्याकाळी, या चारही दिवसांत, ते एकवीस कळश्या पाणी सात मेलेल्या झाडांना घालत होते, पायाने रस्ता चाचपत. त्यांची दृष्टी माझ्या पेटीत लुगड्यांखाली होती. ती त्यांना सोमवारीच मिळायची होती.

शुक्रवारी सकाळी ते हजेरीला निघाले तेव्हा मला म्हणाले, "काल रडलास छान रे. मला काही दिसत नव्हतं, पण ऐकून अगदी खरं वाटलं." उन्हं वर आली की फांद्या फार सुकतात म्हणून त्या दिवशी त्यांनी सकाळीच पाणी घालायला घेतलं. सहाव्या नंबरपाशी गडग्याचा एक दगड घरंगळून रस्त्यावर आला होता. मी ओटीवरून पाहिला. ओरडणार तेवढ्यात मास्तर त्यावर अडखळून पडले. कळशी घरंगळत गटारात गेली. गुडघा फुटला, मनगट मुरगळलं.

बायको माझ्याआधी धावली. आम्ही दोघांनी त्यांना उचलून आमच्या ओटीवर आणून बसवलं. तिने गुडघा धुतला, हळद लावली. मग ती उठली, आत गेली. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज मी ऐकला. ती पार्सल घेऊन बाहेर आली आणि मास्तरांच्या मांडीवर ठेवलं.

"तुमचं पार्सल," ती म्हणाली. आणि माझ्याकडे न बघता, "मंगळवारी लुगड्यांखाली दिसलं, तेव्हापासून वाट बघत होते, हे देतील म्हणून."

मास्तरांनी एका हाताने शिवण उसवली. डबीतून चष्मा काढला. जाड भिंगं, तारेच्या काड्या. डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदा स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. मग पार्सलचं फडकं उचलून त्यावरचा रत्नागिरी पोस्टाचा छाप पाहिला. शिक्षक माणूस, लिहिलेलं काही हातात आलं की वाचणारच. त्यावरची तारीख सोमवारची होती.

मग ते उठले. मी हात द्यायला गेलो, तो घेतला नाही. लंगडत पायऱ्या उतरले आणि नंबर चारसमोर उभे राहिले. वाळकं, काळं पडलेलं खोड. त्याला केळीच्या सोपटाने बांधलेल्या फांद्या, कालच्या, माना टाकलेल्या. त्यांनी एक गाठ सोडवली. फांदी खाली पडली. दुसरी सोडवली. तिसऱ्या झाडाकडे पाहिलं, पाचव्याकडे पाहिलं. सगळ्या आळीने दारं आतून लावून घेतली होती.

मी खाली उतरलो आणि बोलायला लागलो. मीठ, माड, तालीम, पत्र, सगळं एकदम. मास्तर ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "झाडं मेली. मरतात. मी शंभर बिया रुजवल्या, त्यातली सात जगली होती. त्र्याण्णव माझ्याच हातून मेली."

मला वाटलं, सुटलो. मी खरोखर श्वास सोडला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या जाड भिंगांतून त्यांचे डोळे केवढे मोठे दिसत होते. म्हणाले, "पण चार दिवस माझे डोळे तुझ्याकडे होते. तू त्यांनी काय पाहिलंस?"

रंगभूमीवर मी कधी वाक्य विसरलो नाही. समोरचा विसरला तर त्याचंही वाक्य म्हणून प्रसंग निभावून नेत असे. मास्तर थोडा वेळ थांबले, हजेरीत माझ्या आवाजासाठी थांबत तसे. मग सोपटाचा तुकडा गुंडाळून खिशात घातला आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सातही खोडं स्वतः उपटली. मनगट सुजलेलं असताना. मी मदतीला गेलो तर म्हणाले, "तुम्ही कशाला त्रास घेता?" अरे-तुरे करणारा माणूस मला अहो म्हणाला. पुढे चार महिने आम्ही शेजारी राहिलो. ते माझ्याशी नीट, सभ्यपणे बोलत, पावसाबद्दल, कोर्टाबद्दल. माझ्या लेखी त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या. रस्त्याच्या कडेला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. कुणी राख टाकली तरी बघत आणि आत जात. आश्विनात बोटी सुरू झाल्यावर ते मुलीकडे गेले, कायमचे. बंदरावर मी गेलो होतो. "या," म्हणाले. कुणालाही म्हणतात तसं.

त्या पावसाळ्यातच मी देवळामागचं बी करवंटीत रुजवलं होतं. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांत लावलं. आमच्याकडचा पाऊस असा की माझं मीठ त्याने एका पावसाळ्यात धुऊन समुद्रात नेलं. सातातली चार जगली. प्रत्येकाला दोन कळश्या, दिवस कलल्यावर, मोजून. नाटक त्यानंतर केलं नाही. कुणी त्याग वगैरे समजू नये, मिशी ठेवली होती. आळीत नवी बिऱ्हाडं आली. ती माणसं मला झाडांचा शौकीन समजतात, रस्त्याच्या कडेला राख टाकताना दिसली की मी ओरडतो आणि माझ्या ओरडण्यात मास्तरांची लकब येते. त्यांना वाटतं ती माझी आहे.

आठव्या वर्षी चार नंबर फुलला. खरोखर फुलला, कुणी न बांधता. पाच फुलं होती. मी ती तोडली. मुलीचा मुंबईचा पत्ता काकूंकडे होता, मास्तर अजून होते, थकले होते म्हणून काकूंना पत्र आलं होतं. बोट दुपारी सुटणार होती आणि ओळखीचा माणूस जाणार होता. मी केळीचं पान घेतलं, ओल्या फडक्यात फुलं गुंडाळली आणि बांधायला काही सापडेना म्हणून परसातल्या केळीचं सोपट सोलून आणलं.

ते बोटांत धरल्यावर मी थांबलो. मास्तर पुडी सोडतील, फुलं बघतील, सोपट बघतील. ही आपल्या रस्त्याच्या कडेची आहेत, देवळामागची नाहीत, हे त्यांनी कशावरून मानायचं? मी लिहिलं म्हणून?

"बांधता ना?" बायको म्हणाली. "बोट जाईल."

मी पुडी उघडून फुलं तिच्या हातात दिली. या खेपेला त्यातलं एक तिने केसात माळलं. बाकीची संध्याकाळपर्यंत ओटीच्या कठड्यावर होती. मी विहिरीवर गेलो आणि आठ कळश्या पाणी घातलं.